केसाहून बारीक तडा: ईएन८ पोलादात फटीगची सुरुवात मायक्रोस्कोपखाली कशी पकडायची

फटीगने, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने शिणून, तुटलेला शाफ्ट लॅबच्या टेबलावर येतो तेव्हा त्याच्या तुटलेल्या तोंडावरच्या अर्धगोल रेषा नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. तडा कुठून सुरू झाला, कसा पुढे सरकला आणि शेवटी उरलेला भाग एका झटक्यात कसा गेला, हे सगळं त्यावरून वाचता येतं. पण त्या रेषा मागे जिथे एकवटतात त्या ठिपक्यात काय झालं, ते मात्र तिथे दिसत नाही. आणि पार्टच्या आयुष्याचा मोठा भाग त्या ठिपक्यातच गेलेला असतो. फिनिश चांगलं असेल आणि ताण फटीग लिमिटच्या (ज्या ताणाखाली पार्ट कितीही वेळा भार आला तरी तुटत नाही, त्याच्या) थोडाच वर असेल, तर तडा एक मि.मी. होईपर्यंत बहुतेक सगळी सायकल, म्हणजे भाराची आवर्तनं, संपलेली असतात.

तो ठिपका पाहायची एक पद्धत आहे. ती स्वस्त आहे, जुनी आहे आणि कॉलेजच्या किंवा फोर्जिंग कारखान्याच्या लॅबमध्ये सहज जमण्यासारखी आहे. उदाहरणासाठी मी ईएन८ घेतलं आहे. सुमारे ०.४ टक्के कार्बनचं हे पोलाद भोसरी-चाकणपासून कोल्हापूर-शिरोलीपर्यंत कुठल्याही स्टॉकिस्टकडे मिळतं. शिवाय त्याची ग्रेनरचना, म्हणजे आतल्या स्फटिककणांची मांडणी, तडा कसा अडतो हे फार स्पष्ट दाखवते.

आधी चित्र पक्कं करा

नॉर्मलाइझ केलेलं (तापवून हवेत थंड केलेलं) ईएन८ एच करून, म्हणजे पॉलिशवर सौम्य अ‍ॅसिड लावून, पाहिलं की दोन गोष्टी दिसतात. पांढरा, मऊ फेराइट, आणि गडद, पट्ट्यापट्ट्यांचा, कडक पर्लाइट. फेराइट बरेचदा पर्लाइटच्या बेटांभोवती पातळ पट्ट्यांसारखा पसरलेला असतो. भार उलटसुलट होऊ लागला की सगळं पोलाद सारखं शिणत नाही. ज्या फेराइट ग्रेनमधले अणूंचे थर भाराच्या दिशेशी साधारण ४५ अंशांत बसलेले असतात, तिथे ते पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून घसरतात. भार उलटला की परत येतात, पण पूर्ण जागेवर येत नाहीत. हजारो सायकलनंतर पृष्ठभागावर बारीक उंचवटे आणि खाचा तयार होतात. त्यातली एखादी खाच हळूहळू आत उतरते, आणि तोच पहिला तडा.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं युइंग आणि हम्फ्री यांनी, १९०३ मध्ये. त्यांनी स्वीडिश लोखंडाचा तुकडा पॉलिश करून उलटसुलट वाकवला. मधूनमधून यंत्र थांबवून ते त्याच जागेकडे मायक्रोस्कोपमधून पाहत गेले. आधी घसरणीच्या रेषा दिसल्या, मग त्या रुंद होत गेल्या, मग त्यांतूनच तडे. आज आपण जे करणार आहोत ते मुळात हेच आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. पहिला तडा ग्रेनच्या हद्दीपाशी येतो तेव्हा पलीकडच्या ग्रेनमधले थर वेगळ्या दिशेला असतात. पलीकडे पर्लाइट असेल तर घसरण आणखीच अवघड. तडा मंदावतो, कधी थांबतो. काही थांबलेले तडे पुढच्या लाखो सायकलनंतर हद्द ओलांडतात, काही कधीच ओलांडत नाहीत. म्हणून फटीग लिमिट म्हणजे 'याच्या खाली तडा पडतच नाही' असा ताण नव्हे. ज्याच्या खाली पडलेला तडा पहिला अडथळा ओलांडू शकत नाही, तो हा ताण. एक कोटी सायकल सोसून न तुटलेला ईएन८चा नमुना मायक्रोस्कोपखाली धरा, एकेका फेराइट पट्टीएवढे अडकलेले तडे सापडतील. शेफील्ड विद्यापीठात कीथ मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम कार्बनच्या पोलादावर हे काम वर्षानुवर्षं केलं, आणि माझ्या मते फटीगबद्दल विसाव्या शतकात कळलेल्या गोष्टींत ही सर्वांत मोलाची आहे.

व्यवहारात याचा अर्थ गंभीर आहे. सलग सारख्या भारावर टिकलेला पार्ट अधूनमधून येणाऱ्या एखाद्या जड झटक्याने असुरक्षित होतो, कारण तो झटका अडकलेल्या तड्याला हद्दीपलीकडे ढकलतो. मग रोजचा भार फटीग लिमिटच्या खाली असला तरी तडा वाढू शकतो.

लांब तड्याचा आलेख इथे का चालत नाही

पॅरिसचा नियम इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. तड्याच्या टोकावरच्या ताणतीव्रतेची कक्षा, म्हणजे डेल्टा-के, घ्यायची, लॉग आलेखावर सरळ रेषा ओढायची, आणि सायकलमागे वाढ काढायची. रेषेच्या डाव्या टोकाला उंबरठा असतो. त्याच्या खाली तडा वाढत नाही, असं आपण शिकतो.

१९७५ मध्ये पीअरसन यांनी अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूंमध्ये दाखवून दिलं की छोटे तडे त्याच डेल्टा-केला लांब तड्यांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. लांब तड्याच्या मागे ताणलेल्या धातूची दोन खडबडीत तोंडं असतात. भार उतरताना ती लवकर मिटतात आणि टोकाला आराम देतात. एल्बर यांनी १९७० च्या सुमारास हे दाखवलं. छोट्या तड्यामागे अशी शेपूट अजून तयारच झालेली नसते. दुसरं, त्याच्या टोकाभोवतीचा प्लॅस्टिक झालेला, म्हणजे कायमचा वाकलेला, भाग तड्याच्याच लांबीच्या तोडीचा असतो, त्यामुळे डेल्टा-केच्या हिशोबाचा पायाच ढिला पडतो. तिसरं, तडा जन्मतो तोच सर्वांत सोयीच्या ग्रेनमध्ये. लांब तड्याला एका वेळी शेकडो ग्रेन कापावे लागतात, काही सोयीचे, काही अडेलतट्टू, आणि त्याचा वेग त्या सगळ्यांची सरासरी असतो. छोट्याला फक्त एक ग्रेन कापायचा असतो.

म्हणून छोट्या तड्याचा वेग वर-खाली होतो. ग्रेनच्या मध्यात जोर, हद्दीपाशी घसरण, हद्द ओलांडली की पुन्हा जोर. साधारण आठ-दहा ग्रेन पार झाले की हे हिंदकळणं विरतं आणि तडा पॅरिसच्या रेषेवर येतो. तोवर तो भाराच्या तिरक्या दिशेने जाणं सोडून भाराला काटकोनात वळलेलाही असतो.

पायरी १: नमुना तयार करणं

फिरत्या वाकवणीचं यंत्र, म्हणजे रोटेटिंग बेंडिंग मशीन, बहुतेक मेटलर्जी विभागांत असतं. ते पुरेसं आहे. नमुना मधोमध सौम्य वक्रतेने बारीक होत जाणारा घ्या, म्हणजे तडा कुठे पडणार ते क्षेत्र लहान राहील.

लेथवर टर्न केल्यावर पृष्ठभागात ताण अडकलेले राहतात. शेवटचं पॉलिश करण्यापूर्वी व्हॅक्युममध्ये किंवा आर्गॉनमध्ये ६०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवून हळू थंड करा. ही पायरी गाळली तर तुम्ही पोलादाचा स्वभाव मोजत नाही, टर्नरच्या हाताचा मोजता.

पॉलिशिंगमध्ये घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. २२० पासून सुरू करून ४००, ६००, ८००, १२०० नंबरचे पेपर, मग ६, ३ आणि १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट. नमुना लेथमध्ये फिरवून पेपर लावला तर ओरखडे गोल फिरतात, म्हणजे नेमके भाराच्या आडवे. त्यांतला एखादा खोल ओरखडा स्वतःच तड्याची खाच होतो. म्हणून ६०० च्या पुढचं प्रत्येक पॉलिश नमुन्याच्या लांबीच्या दिशेने करा, आणि आधीच्या पेपरचा एकही आडवा ओरखडा उरलेला नाही हे १०० पट मोठं करून सगळीकडून पाहा. याला वेळ लागतो, तो द्या.

मग हलकं एचिंग. २ टक्के नायटल, म्हणजे ९८ मि.ली. इथेनॉलमध्ये २ मि.ली. नायट्रिक अ‍ॅसिड. अ‍ॅसिड अल्कोहोलमध्ये थेंबथेंब घालायचं, उलट कधीही नाही. ५ टक्क्यांहून तीव्र मिश्रण बाटलीत साठवून ठेवू नका, त्यातून वायू आणि उष्णता निर्माण होऊन स्फोट होऊ शकतो. नमुन्यावर काही सेकंद पुरे. ग्रेन जेमतेम दिसू लागले की थांबा, कारण खोल एचिंग ग्रेनच्या हद्दी खोदतं आणि तिथून खोटे तडे सुरू होतात.

पायरी २: शून्याची फिल्म

पृष्ठभागाचा ठसा घ्यायला सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पातळ फिल्म वापरतात. यंत्र सुरू करण्याआधीच एक ठसा घ्या. बहुतेक लोक हे टाळतात आणि नंतर पस्तावतात. शेवटी एखादी रेघ सापडली की प्रश्न येतोच, ही आधीपासूनच होती का? उत्तर फक्त शून्याच्या फिल्मवर असतं.

जागेची खूण करायची तर नमुन्याच्या जाड भागावर बारीक रेघ ओढा. मधल्या बारीक भागावर विकर्सचा (कडकपणा मोजण्याच्या चाचणीचा) ठसा किंवा कसलीही खूण नको, तडा तिथूनच निघेल.

पायरी ३: भार आणि थांबे

ताण फटीग लिमिटपेक्षा दहा-पंधरा टक्के वर ठेवा. फार वर गेलात तर एकाच वेळी असंख्य तडे निघून एकमेकांत मिसळतात आणि ग्रेनचा परिणाम झाकला जातो. त्याच ताणाला आधी एक नमुना सरळ तोडून अंदाजे आयुष्य काढा. पाच लाख सायकल आलं तर दर २५,००० सायकलला थांबा, म्हणजे आयुष्याचे वीस भाग होतील. पहिल्या काही भागांत आणखी जवळजवळ थांबलात तर उत्तम.

थांबल्यावर वजन उतरवू नका. भार काढला की तडा मिटतो आणि ठशात उमटत नाही. टोकाला वजन टांगलेल्या कँटिलिव्हर यंत्रात नमुन्याची वरची बाजू ओढीच्या ताणात असते. मध्ये वजन टांगलेल्या चार-बिंदू यंत्रात खालची. नमुना हाताने थोडा थोडा फिरवत प्रत्येक भाग ताणाच्या बाजूला आणायचा आणि तिथे ठसा घ्यायचा. सर्वो-हायड्रॉलिक यंत्रावर काम करत असाल तर कमाल भाराच्या ६० ते ८० टक्क्यांवर धरून ठेवा.

पायरी ४: ठसा घेणं

फिल्मची छोटी पट्टी कापा. पृष्ठभागावर ड्रॉपरने अ‍ॅसिटोन सोडा आणि लगेच पट्टी टेकवा. अ‍ॅसिटोन फिल्मला मऊ करतं आणि ती खाचाखोचांत ओढली जाते. दाबू नका, घासू नका. दाबली तर बुडबुडे अडकतात, आणि बुडबुड्याची कड मायक्रोस्कोपखाली हुबेहूब तड्यासारखी दिसते. काही मिनिटं पूर्ण वाळू द्या. ओलसर असताना काढलेली फिल्म ताणली जाते आणि लांबीची मापं खोटी येतात. वाळल्यावर एका कडेने अलगद सोलून काढा, दोन काचपट्ट्यांमध्ये सपाट ठेवून चिकटपट्टी लावा, आणि काचेवरच सायकलचा आकडा, नमुन्याचा नंबर आणि दिशेचा बाण लिहा. बाण विसरू नका, कारण ठशात सगळं आरशातल्यासारखं उलटं असतं. अ‍ॅसिटोन लवकर पेट घेतं, तेव्हा खोलीत हवा खेळती हवी आणि जवळ हीटर नको.

अ‍ॅल्युमिनियमच्या काही मिश्रधातूंमध्ये वारंवार ठसे घेतल्यानेच तड्याची वाढ मंदावल्याचं दिसलं आहे. म्हणून कुठल्याही धातूवर काम करा, एक जोडीचा नमुना ठसे न घेता तोडून पाहाच. दोघांचं आयुष्य जुळलं तर ठशांनी ढवळाढवळ केलेली नाही.

पायरी ५: उलटं वाचणं

शेवटच्या फिल्मवर मुख्य तडा सहज सापडतो. तिथून मागे मागे जायचं. एकाच जागेची आधीची फिल्म, मग तिच्या आधीची, तडा दिसेनासा होईपर्यंत. पुढून शोधायला गेलात तर शंभर संशयास्पद रेघांमध्ये हरवाल.

मागे जाताना दिसणारी गोष्ट साधारण अशी असते. शेवटच्या फिल्मांवर भाराला काटकोनात जाणारी, किंचित नागमोडी रेषा. त्याआधी तिच्या मध्यात एक तिरका तुकडा वेगळा ओळखू येतो, ४५ अंशांच्या आसपास. आणखी मागे गेलं की फक्त तोच तुकडा उरतो, एका पांढऱ्या फेराइट पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंना पर्लाइट. लागोपाठ कित्येक फिल्मांवर तो जसाच्या तसा. इथे डोळ्यांनी अडथळा दिसतो. सगळ्यात आधीच्या फिल्मांवर तडा नसतो, नुसत्या घसरणीच्या रेषांचा एक दाट पट्टा असतो, किंवा मँगनीज सल्फाइडचा, म्हणजे पोलादातल्या अशुद्धीचा, एखादा लांबट कण, ज्याच्या कडेला फट पडू लागलेली असते.

मुख्य तड्याइतकेच न वाढलेले तडेही नोंदवा. ते कुठे थांबले, पलीकडे काय होतं, लांबी किती. पोलादाची अडवण्याची ताकद त्यांतूनच कळते.

पायरी ६: आकडेमोड

समजा ७५,००० सायकलला तड्याची पृष्ठभागावरची लांबी ४० मायक्रॉन होती आणि १,००,००० ला ६० झाली. दोन टोकं मिळून २० मायक्रॉन वाढलं, म्हणजे एका टोकाला १०. भागिले २५,००० सायकल, सायकलमागे ०.४ नॅनोमीटर. याच टप्प्यात तो ४० वरून फक्त ४२ वर गेला असता तर वेग ०.०४ नॅनोमीटर. लोखंडाच्या स्फटिकात अणूंच्या चौकटीची बाजू ०.२८७ नॅनोमीटर असते. सरासरी वाढ तिच्या सातव्या हिश्शाएवढी, म्हणजे तडा प्रत्येक सायकलला पुढे जातच नाही. कित्येक सायकल तो नुसता उभा असतो.

लागोपाठच्या दोन मापांमधला फरक सरळ भागून वेग काढा. लांब तड्यांसाठी सात-सात बिंदूंना वक्र बसवून गुळगुळीत करायची पद्धत इथे वापरू नका. तुम्ही ज्या दऱ्या शोधायला निघालात त्याच ती बुजवून टाकते. मात्र मोजण्याची चूक एक मायक्रॉन असेल तर दोन मायक्रॉनच्या वाढीवरून निष्कर्ष काढू नका, तिथे दोन-तीन थांब्यांची वाढ एकत्र घ्या.

आता डेल्टा-के. तडा आत अर्धवर्तुळाकार धरला तर पृष्ठभागाच्या टोकाला तो साधारण ०.७३ गुणिले ताण गुणिले (π गुणिले खोली) याचं वर्गमूळ येतो. पूर्ण उलटसुलट भारात फक्त ओढीच्या ताणाची बाजू धरतात. ३५० मेगापास्कल आणि ६० मायक्रॉन लांबीचा, म्हणजे ३० मायक्रॉन खोल तडा: उत्तर सुमारे २.५ मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर. अशा पोलादाचा लांब तड्याचा उंबरठा सहाच्या आसपास किंवा वर असतो. म्हणजे पुस्तकी आलेखाप्रमाणे हा तडा वाढायलाच नको होता, आणि फिल्मवर तो वाढताना दिसतो आहे. लांब तड्याची रेषा मागे खेचून पार्टचं आयुष्य काढणारा हिशोब धोक्याच्या बाजूला चुकतो, तो इथेच.

अर्धवर्तुळाचं गृहीतक तपासायला एक नमुना मध्येच थांबवून ३०० अंशांच्या आसपास हवेत तापवा आणि मग तोडा. तड्याचा भाग निळा पडलेला असतो, खोली थेट मोजता येते.

पायरी ७: पार्टसाठी निर्णय

१९७६ मध्ये कितागावा आणि ताकाहाशी यांनी तड्याची लांबी आणि धोक्याचा ताण एका आलेखावर मांडले. लांब तड्यांसाठी उंबरठ्याची उतरती रेषा, छोट्यांसाठी फटीग लिमिटची आडवी रेषा. दोन्ही मिळतात ती लांबी म्हणजे ढोबळ सीमा. तिच्या आसपास आणि खाली लांब तड्याच्या हिशोबावर भरवसा नको. उंबरठा ६ आणि फटीग लिमिटची कक्षा ४०० मेगापास्कल धरली तर ती सुमारे ७० मायक्रॉन येते. कडक पोलादाला ४ आणि ८०० धरले तर जेमतेम ८ मायक्रॉन. म्हणूनच कडक पोलाद अस्वच्छतेला, म्हणजे आतल्या परक्या कणांना, इतकं हळवं असतं.

कारखान्यात रोज वापरायला मला क्युशू विद्यापीठाच्या मुराकामींचं सूत्र सर्वांत उपयोगी वाटतं. दोषाचं भाराला काटकोनातलं क्षेत्रफळ घ्या, त्याचं वर्गमूळ मायक्रॉनमध्ये काढा. विकर्स कडकपणात १२० मिळवा, १.४३ ने गुणा, आणि त्या वर्गमूळाच्या सहाव्या मुळाने भागा. पृष्ठभागावरच्या दोषासाठी, पूर्ण उलटसुलट भारात, मेगापास्कलमध्ये फटीग लिमिट मिळते. २०० विकर्सच्या ईएन८मध्ये १०० मायक्रॉनचा (म्हणजे हे वर्गमूळ १०० येणारा) दोष असेल तर २१२ मेगापास्कल. दोष ५० चा असेल तर २३८, २० चा असेल तर २७८. दोषच नसेल तर विकर्सच्या १.६ पट, म्हणजे ३२०. दोन्ही हिशोब साधारण ९ मायक्रॉनला जुळतात. त्याहून लहान दोषाने काही बिघडत नाही, कारण तेवढा तडा पोलाद स्वतःच्या ग्रेनमध्येही जन्माला घालतं आणि अडवून धरतं. ड्रॉइंगवर सरफेस फिनिश किती मागायचं, कुठल्या ओरखड्यावरून लॉट परत पाठवायचा, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

ग्रेनचा आकार पाहताना एक सावधगिरी. ३० सप्टेंबर २०१७ रोजी पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ए३८० विमानाच्या इंजिनाचा पुढचा फॅन ग्रीनलँडवर असताना निखळला. विमान सुखरूप उतरलं. टायटॅनियमच्या हबचा तुकडा २०१९ मध्ये बर्फाखालून काढला, तेव्हा तडा पृष्ठभागाच्या खाली अशा भागात जन्मल्याचं दिसलं जिथले असंख्य ग्रेन जवळजवळ एकाच दिशेने बसले होते. मायक्रोस्कोपखाली ग्रेन बारीक, पण तड्याला मध्ये हद्दच नाही. टायटॅनियमवर काम करणाऱ्यांनी म्हणून नुसता ग्रेनचा आकार न पाहता इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर ग्रेनच्या दिशांचा नकाशाही काढून घ्यावा.

ईएन८मध्ये ही अडचण सहसा नसते. तिथे नॉर्मलायझिंग नीट करून ग्रेन बारीक ठेवणं, सल्फाइड कमी असलेला माल घेणं आणि फिलेटपाशी (व्यास बदलतो तिथल्या गोलाईपाशी) लांबीच्या दिशेने पॉलिश करणं, एवढ्यानेही फरक पडतो. त्यावर शॉट पीनिंग, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागात दाबाचा थर तयार करणं, करायचं असेल तर तडा सुरूच होणार नाही अशी अपेक्षा ठेवू नका. पीनिंग केलेल्या पृष्ठभागावरही छोटे तडे निघतात. दाबाचा थर त्यांना वाढू देत नाही. म्हणून थराची खोली तुमच्या फिल्मांवर अडकलेल्या सर्वांत लांब तड्याच्या खोलीपेक्षा स्पष्टपणे जास्त मागा. ती खोली कागदावर न मानता, थोडं थोडं इलेक्ट्रोपॉलिश करत एक्स-रेने ताण मोजून तपासून घ्या.